६१ वरून ४९ टक्के: बाबांची फुफ्फुसं चार महिन्यांत एवढी उतरली का?

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देत आहोत.

«माझे वडील ६४ वर्षांचे, उंची १६३ सेंटिमीटर. परळच्या कापड गिरणीत चौदा वर्षं कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात होते. बिडी सुटून आठ वर्षं झाली. डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितलं आहे. मार्चमध्ये दादरच्या एका लॅबमध्ये फुंकायची टेस्ट (स्पायरोमेट्री) केली, तेव्हा एफईव्ही१ ६१ टक्के आला. जुलैमध्ये घराजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये केली तर ४९ टक्के. तिथे सकाळी उपाशीपोटी आणि पंप न घेता बोलावलं होतं. मार्चमध्ये असं काही सांगितलं नव्हतं, बाबा नेहमीचा पंप घेऊन गेले होते. जुलैच्या आदल्या आठवड्यात त्यांना सर्दी-खोकला होता. डॉक्टर म्हणतात, ४९ म्हणजे गंभीर गटात गेले, औषध वाढवावं लागेल. बाबा म्हणतात, मी दोन्हीकडे सारखंच फुंकलं, यंत्रच खोटं आहे. घरात चालताना-बोलताना त्यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. खरं काय मानायचं? तिसऱ्या लॅबमध्ये करून तिन्हींची सरासरी काढावी का? घरी मोजायचं छोटं यंत्र घ्यावं का? दोन्ही रिपोर्ट सोबत जोडले आहेत.»

ताई, दोन्ही रिपोर्टची सगळी पानं पाठवलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण पहिलंच पान पाठवतात, आणि या तपासणीत खरी माहिती पुढच्या पानांवर असते.

आधी टक्क्यांचं बघू, कारण घाबरवलं ते त्यांनी. हा टक्का म्हणजे भागाकार आहे. वर बाबांनी पहिल्या सेकंदात बाहेर टाकलेली हवा, म्हणजेच एफईव्ही१, खाली त्यांच्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी पुरुषाकडून अपेक्षित असलेली हवा. मार्चच्या रिपोर्टवर वरचा आकडा १.५२ लिटर आहे, जुलैच्या रिपोर्टवर १.३८. आता खालचा आकडा पाहा. मार्चमध्ये अपेक्षित २.४९ लिटर छापलं आहे, जुलैमध्ये २.७९. माणूस तोच, उंची तीच, तरी अपेक्षा ३०० मिलीनं वाढली, कारण अपेक्षित आकडा काढायला दादरच्या यंत्रात भारतीयांसाठीचं समीकरण निवडलेलं होतं आणि जुलैच्या यंत्रात ‘जीएलआय, कॉकेशियन’ असं लिहिलं आहे, म्हणजे जीएलआय या आंतरराष्ट्रीय गटाचं गोऱ्या वंशाच्या लोकांसाठीचं समीकरण. तेच समीकरण मार्चच्या १.५२ लिटरला लावलं तर उत्तर ५४ टक्के येतं. उलट जुलैच्या १.३८ लिटरला दादरचं समीकरण लावलं तर ५५. म्हणजे १२ टक्क्यांच्या घसरणीतला निम्म्याहून अधिक भाग फक्त खालचा आकडा बदलल्यामुळे आला आहे. त्याचा बाबांच्या छातीशी संबंध नाही. ‘गंभीर गट’ ५० टक्क्यांच्या खाली सुरू होतो, म्हणून ती रेघ ओलांडल्यासारखी दिसली.

कुठलं समीकरण बरोबर, हा वाद जुना आहे आणि अजून चालू आहे. त्याच जीएलआयनं २०२२ साली वंशाचा रकाना काढून सगळ्यांसाठी एकच समीकरणही दिलं. तुमच्यापुरता नियम सोपा आहे: दोन रिपोर्टची तुलना करायची ती लिटरमध्ये. टक्के एका रिपोर्टच्या आत वाचायचे, आणि दोन रिपोर्टवर समीकरणाचं नाव एकच असेल तरच शेजारी ठेवायचे. उंचीचंही तसंच आहे. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये लंडनला दोन हजारांहून जास्त माणसं मोजून फुफ्फुसांची क्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवलं, आणि आजची समीकरणंही त्याच पायावर उभी आहेत. लॅबमध्ये ‘उंची किती?’ असं नुसतं विचारून तीन सेंटिमीटर जास्त लिहिलं, तर बाबांच्या बाबतीत अपेक्षित आकडा सुमारे १०० मिलीनं वर सरकतो. चपला काढून, पाठ भिंतीला लावून उंची मोजायला लावा.

आता लिटर. १.५२ मधून १.३८ गेले तर उरले १४० मिली, म्हणजे ९ टक्क्यांची घट. ही मोठी की छोटी?

एकाच बैठकीत, एकाच खुर्चीवर, एकाच यंत्रात तोच माणूस तीनदा फुंकतो, तेव्हाही आकडे तंतोतंत सारखे येत नाहीत. अमेरिका आणि युरोपातल्या छातीविकार संस्थांनी २०१९ मध्ये सुधारून दिलेल्या मानकानुसार सर्वांत चांगल्या दोन प्रयत्नांतला फरक १५० मिलीच्या आत असेल तर तपासणी जुळली असं मानतात. म्हणजे बाबांचे १४० मिली एका बैठकीच्या आतल्या फरकातही बसतात. त्यात दोन वेगळी यंत्रं आहेत. प्रत्येक यंत्र रोज ३ लिटरच्या सिरिंजनं तपासून पाहायचं असतं, आणि वाचन २.९१ ते ३.०९ लिटर यांच्यामध्ये आलं की ते पास. ३ टक्के वर किंवा खाली चालतात. एक यंत्र ३ टक्के जास्त दाखवणारं आणि दुसरं ३ टक्के कमी दाखवणारं निघालं, तर दीड लिटरवर ९० मिलीचा फरक फक्त यंत्रांचा, आणि तरीही दोन्ही यंत्रं नियमात. त्यावर काही आठवड्यांचं किंवा महिन्यांचं अंतर. याच संस्थांच्या २००५ च्या मार्गदर्शनात सीओपीडीच्या रुग्णात आठवड्यांच्या अंतरानं एफईव्ही१ २० टक्के हलला, किंवा वर्षाच्या अंतरानं १५ टक्के, तरच तो खरा बदल धरावा असं म्हटलं आहे. तुमचे ९ टक्के दोन्हींच्या आत आहेत.

याचा अर्थ बाबा नक्की ठीक आहेत असा नाही. या दोन आकड्यांवरून ‘उतरले’ असंही म्हणता येत नाही आणि ‘उतरले नाहीत’ असंही नाही. जुलैची तपासणी तेवढं सांगण्याच्या लायकीची झालेलीच नाही, आणि ते तिच्या तिसऱ्या पानावर दिसतं.

मार्चचे तीन प्रयत्न एफईव्ही१ मध्ये १.५२, १.४९ आणि १.४४ आहेत. वरच्या दोघांत ३० मिलीचा फरक. दर्जा ‘ए’. जुलैचे तीन: १.३८, १.१७, १.१२. वरच्या दोघांत २१० मिली. रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘डी’ छापलं आहे, ते याचमुळे. ‘ए’ आणि ‘बी’ला फरक १५० मिलीच्या आत लागतो, ‘सी’ला २०० च्या आत, ‘डी’ला २५० च्या आत. ‘डी’ आला की तिथे थांबायचं नसतं. मोठ्या माणसाकडून साधारण आठ प्रयत्नांपर्यंत घेता येतात, मध्ये विसावा देऊन. जुलैमध्ये तीन झाले आणि कागद छापला गेला.

शिवाय हे आकडे नुसते विखुरलेले नाहीत, ते क्रमानं खाली जात आहेत. त्याची दोन कारणं असू शकतात. एक, थकवा: माणूस दमला की पुढचा श्वास पूर्ण भरत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं: काही रुग्णांत जोरानं फुंकण्यामुळेच श्वासनलिका आवळतात आणि प्रत्येक फुंकेगणिक आकडा घसरतो. पहिल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली एफईव्ही१ गेला तर तपासणी थांबवायची असते. बाबांच्या बाबतीत ती मर्यादा १.१० लिटर, आणि तिसरा प्रयत्न १.१२ वर आला होता. अशा वेळी टेक्निशियननं पाच-दहा मिनिटं थांबून छातीत घरघर आहे का हे विचारायला हवं होतं, आणि डॉक्टरांनी लिहून दिलं असतं तर पंप देऊन पुन्हा मोजायला हवं होतं. ही घसरण पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. ‘फुंकता फुंकता छाती आवळते का?’ हा प्रश्न औषधाच्या दृष्टीनं ४९ टक्क्यांपेक्षा मोलाचा आहे.

बाबा म्हणतात, दोन्हीकडे सारखंच फुंकलं. जोर तेवढाच लावला असेल, यावर आमचा विश्वास आहे. पण या तपासणीत जोरापेक्षा आधीचा श्वास किती भरला यावर जास्त अवलंबून असतं. जोरात सोडताना छातीतला दाब श्वासनलिकांना बाहेरून दाबतो, त्या अरुंद होतात, आणि सुरुवातीचा क्षण गेला की कितीही ताकद लावली तरी हवेचा वेग त्यापुढे वाढत नाही. म्हणूनच ही तपासणी इतकी वर्षं टिकली: तिच्यावर जोर करून आकडा फुगवता येत नाही. पण श्वास अर्धा भरून सुरुवात केली तर आकडा सहज खाली येतो, आणि आलेख बाहेरून बराच सुरेख दिसतो. वाईट प्रयत्नांतलं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे आणि सर्वांत लपून राहणारंही. ते पकडायला आता एक युक्ती वापरतात. पूर्ण फुंकून झाल्यावर माउथपीस तोंडातच ठेवून पुन्हा तळापासून वरपर्यंत श्वास आत ओढायला लावतात. आत ओढलेली हवा बाहेर सोडलेल्या हवेपेक्षा १०० मिली किंवा ५ टक्क्यांहून (दोन्हींत जे मोठं) जास्त निघाली, तर सुरुवातीला छाती पूर्ण भरलीच नव्हती. जुलैच्या आलेखात हा आत ओढण्याचा भागच नाही.

जुलैच्या रिपोर्टमध्ये आणखी एक फसवा आकडा आहे, त्याच्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही. एफव्हीसी, म्हणजे पूर्ण रिकामं होईपर्यंत सोडलेली एकूण हवा, मार्चमध्ये २.३१ लिटर होती आणि जुलैमध्ये २.०२. इथे ‘फुंकण्याचा वेळ’ हा रकाना पाहा: मार्चमध्ये ९.६ सेकंद, जुलैमध्ये ४.१. सीओपीडीत हवा आत अडकलेली असते, ती शेवटपर्यंत बारीक धारेनं येत राहते. चार सेकंदांवर थांबलं की शेवटची धार मोजलीच जात नाही. पूर्ण झालं कधी म्हणायचं? वेळ-आकारमानाच्या आलेखात रेषा आडवी होऊन शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी हवा आली, किंवा १५ सेकंद झाले, की. जुलैची रेषा थांबली तेव्हा अजून चढतच होती. त्यातून विचित्र परिणाम होतो. एफईव्ही१ भागिले एफव्हीसी हे गुणोत्तर मार्चमध्ये ०.६६ होतं, जुलैमध्ये ०.६८ झालं. नुसतं गुणोत्तर वाचणाऱ्याला वाटेल की अडथळा कमी झाला. प्रत्यक्षात फुंक अर्धवट राहिली. घट आणि सुधारणा एकाच कागदावर, आणि दोन्ही फोल.

आता बाकीच्या गोष्टी, म्हणजे बाबा त्या दिवशी कुठल्या अवस्थेत पोचले. मार्चमध्ये पंप घेतलेला, जुलैमध्ये न घेतलेला. एवढ्यानंच १४० मिलीचा फरक पडू शकतो. पंप न घेता मोजायचं असेल तर साल्ब्युटामॉलसारखा लगेच काम करणारा पंप ४ ते ६ तास, फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉल असलेला २४ तास, टायोट्रोपियम असलेला ३६ ते ४८ तास आधी बंद ठेवतात. हे निदानासाठी करतात, आणि डॉक्टरांनी सांगितलं तरच. औषधाखाली माणूस कसा आहे हे पाहायचं असेल तर पंप नेहमीप्रमाणे घेऊनच जायचं असतं. कोणती पद्धत ठेवायची हे डॉक्टरांना विचारून एकदा ठरवा, मग दरवेळी तीच ठेवा, आणि शेवटचा पंप किती वाजता घेतला ते रिपोर्टवर लिहून घ्या. पंप थांबवलेल्या सकाळी धाप लागली तर तो सरळ घ्यायचा आणि टेक्निशियनला सांगायचं. तपासणी पुन्हा होऊ शकते.

उपाशीपोटी जायची मात्र काहीच गरज नव्हती. रक्ताच्या तपासणीची सवय लॅबवाल्यांनी इकडे लावलेली दिसते. उपाशी आणि गळून गेलेल्या माणसाकडून तीन पूर्ण श्वासही नीट होत नाहीत. दोन तास आधी भरपेट जेवण नको, हलका नाश्ता चालतो. तासभर आधी विडी-सिगारेट नाही, दमछाक होईल असं काम नाही. यात रेल्वेचा पूलही आला. स्टेशनचे जिने चढून, गर्दीतून वाट काढत लॅबमध्ये शिरायचं आणि पाच मिनिटांत फुंकायला बसायचं, हे मुंबईत रोज घडतं. वीस मिनिटं तरी शांत बसू द्या. आणि सर्दी-खोकला उतरून चार ते सहा आठवडे होईपर्यंत तुलनेसाठीची तपासणी करूच नका. जुलैच्या आकड्याला ही आठवडाभरापूर्वीची सर्दीही लागलेली आहे. ती किती मिलीची, हे आता वेगळं काढता येणार नाही.

तर करायचं काय? तिसऱ्या लॅबमध्ये जाऊन सरासरी काढू नका. या तपासणीत सरासरी कधीच घेत नाहीत. प्रत्येक बैठकीतला सर्वांत मोठा नीट झालेला आकडा घेतात, कारण चुका जवळजवळ सगळ्या आकडा कमी करणाऱ्या असतात, आणि अर्धवट फुंकांची सरासरी काढली तर ती अर्धवटच राहते. पहिल्याच, दादरच्या लॅबमध्ये, सर्दी पूर्ण गेल्यावर, मार्चमध्ये दिवसाच्या ज्या वेळी गेला होतात त्याच वेळी जा. श्वासनलिका पहाटे सर्वांत आवळलेल्या असतात आणि दुपारकडे मोकळ्या होतात, त्यामुळे सकाळी आठचा आकडा दुपारी दोनच्या आकड्याशेजारी ठेवू नये. पोचल्यावर विचारा: आज सिरिंजनं तपासलं का? समीकरण तेच ठेवाल का? सगळ्या प्रयत्नांचे आलेख छापून द्याल का? चांगल्या टेक्निशियनला हे प्रश्न आवडतात.

आणि या वेळी तपासणी पंपाच्या आधी व नंतर अशी दोनदा मोजून घ्या, म्हणजे डॉक्टरांना विचारून तशी चिठ्ठी आणा. दोन्ही रिपोर्टमध्ये ती केलेली नाही आणि सीओपीडीत तीच हवी. पद्धत अशी: आधी मोजायचं. मग साल्ब्युटामॉलचे १०० मायक्रोग्रॅमचे चार फवारे, स्पेसरमधून (पंपाला जोडायच्या पोकळ नळीतून), एका वेळी एकच. हळू श्वास आत, थोडा रोखायचा. चौथा झाल्यावर १५ मिनिटं घड्याळ लावून बसायचं आणि पुन्हा मोजायचं. जुन्या निकषानं एफईव्ही१ १२ टक्के आणि २०० मिली, दोन्ही वाढले तर पंपाचा ठळक उपयोग झाला म्हणतात. २०२१ च्या निकषानं अपेक्षित आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त वाढ लागते, म्हणजे दादरच्या २.४९ लिटरवर जवळपास २५० मिली. वाढ आली किंवा नाही आली, तरी पंपानंतरचा आकडाच दरवर्षी शेजारी शेजारी ठेवा. तो दिवसागणिक कमी हलतो, कारण आवळलेल्या नलिकांचा चढ-उतार त्यातून बराच निघून गेलेला असतो.

फुंकताना बाबांना एवढंच लक्षात ठेवायला सांगा. खुर्चीत पाठ सरळ, दोन्ही तळवे जमिनीवर, मान किंचित वर. कंबरपट्टा सैल. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या, ओठांना आधार मिळतो. हलत असेल तर काढा. नाकाला चिमटा. माउथपीस दातांच्या पुढे न ठेवता दातांमध्ये, जीभ त्याच्या खाली, ओठ गच्च. मग श्वास भरायचा, वाटेल ‘झालं’, तेव्हा आणखी थोडा. वर पोचल्यावर रेंगाळायचं नाही, दोन सेकंदांच्या आत सोडायचं, आणि सोडताना चुलीच्या फुंकणीसारखं ओठ आवळून, गाल फुगवून नाही. घसा उघडा ठेवून छातीतून एकदम मोकळं करायचं. सुरुवातीला चाचरलं, किंवा पहिल्या सेकंदात खोकला आला, तर तो प्रयत्न बाद, पुढचा करायचा. मग हवा संपली असं वाटलं तरी टेक्निशियन ‘अजून, अजून, अजून’ म्हणेल तोवर सोडत राहायचं. बाबांच्या बाबतीत हा शेवटचा भागच जुलैला सुटला. डोकं गरगरलं तर थांबायचं, मिनिटभर बसायचं आणि पुढचा प्रयत्न.

यंत्र खरोखर चुकलं तर कसं ओळखायचं, हे बाबांना हवं असेल. हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्राला प्रत्येक वेळी आधी ‘शून्य’ घ्यावं लागतं. त्या क्षणी ते हातात हललं, पंख्याचा झोत लागला किंवा कुणी चुकून फुंकलं, तर शून्य सरकतं आणि आलेखाची रेषा आडवी न होता सरळ तिरकी चढतच राहते. मग एफव्हीसी अशक्य मोठी येते. जाळीचं यंत्र असेल तर दमट हवेत जाळीवर श्वासाची वाफ साचते, छिद्रं बुजतात आणि यंत्र वेग वाढवून सांगतं. बाहेरून आणलेलं यंत्र वातानुकूलित खोलीत लगेच लावलं तरी तापमानाची दुरुस्ती चुकते. यांतलं काही जुलैच्या आलेखात दिसत नाही. रेषा मध्येच तुटली आहे, तिरकी धावत नाही. बाबांची तक्रार तपासणी घेण्याच्या पद्धतीबद्दल बरोबर आहे, यंत्राबद्दल तिला पुरावा नाही.

गिरणीतली चौदा वर्षं डॉक्टरांना नीट सांगितली आहेत का? कार्डिंग खात्यात कापसाची धूळ सर्वांत जास्त. त्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये आठवडी सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळून येते. बाबांना तसं होत असे का, ते आठवून विचारा. सीओपीडी फक्त बिडीच्या खात्यावर टाकू नये. आपल्या विषयाशीही याचा जवळचा संबंध आहे. अशा कामगारांत कामाच्या पाळीच्या आधी आणि नंतर एफईव्ही१ मोजतात, आणि अमेरिकेच्या कापूस-धूळ नियमांत ५ टक्के किंवा २०० मिलीची घटही पुन्हा तपासायला पुरेशी धरली आहे. तिथे एवढ्या बारीक फरकावर विश्वास ठेवता येतो, कारण माणूस तोच, यंत्र तेच, फुंकून घेणारा तोच आणि मध्ये एकच पाळी. तुमच्या दोन रिपोर्टमध्ये दोन लॅब, दोन यंत्रं, दोन समीकरणं, पंप आणि सर्दी एवढं सगळं एकदम बदललं आहे.

वर्षावर्षाची घसरण पाहायची तर आणखी धीर लागतो. निरोगी प्रौढ माणसाचा एफईव्ही१ वयानं वर्षाला साधारण २५ ते ३० मिली कमी होतो. सीओपीडीत, विशेषतः धूम्रपान चालू असेल तर, जास्त. १५० मिलीच्या हेलकाव्यात एवढी बारीक घट दोन रिपोर्टमध्ये दिसूच शकत नाही. एकाच लॅबचे तीन-चार वर्षांचे आकडे एका कागदावर ओळीनं लिहा, तेव्हा उतार दिसायला लागतो. बाबांनी आठ वर्षांपूर्वी बिडी सोडली, हे त्या उतारासाठी केलेलं सर्वांत मोठं काम आहे. त्यांना तसं सांगा.

घरचं छोटं यंत्र, म्हणजे पीक फ्लो मीटर, दम्यात फार उपयोगी आहे. सीओपीडीत कमी, कारण ते फक्त सर्वांत वेगवान क्षण मोजतं आणि नलिकांच्या शेवटी अडकलेल्या हवेबद्दल काही सांगत नाही. पण फुंकता फुंकता आकडे घसरणं ही दम्याची छटाही असू शकते, म्हणून दोन आठवड्यांसाठी ते घ्यायला हरकत नाही. सकाळी उठल्यावर पंपाच्या आधी आणि संध्याकाळी, उभं राहून, तीन फुंका. त्यातला मोठा आकडा लिहायचा, आणि वरचे दोन आकडे ४० लिटर प्रति मिनिटाच्या आत जुळले पाहिजेत, नाहीतर आणखी एक-दोन. यंत्र मध्ये बदलायचं नाही, दोन कंपन्यांच्या पट्ट्या जुळत नाहीत. रोज सकाळ-संध्याकाळच्या फरकाला त्या दोन आकड्यांच्या सरासरीनं भागा आणि शंभरनं गुणा. दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर गेली तर तो कागद डॉक्टरांना दाखवा.

औषध वाढवायचं की नाही, ते डॉक्टर ठरवतील, आणि आकड्याइतकंच बाबांच्या धापेवर, कफावर, वर्षात किती वेळा तब्येत बिघडली यावर ठरवतील. त्यांना रिपोर्टचं पहिलं पान न देता तीन प्रयत्नांचं पान, फुंकण्याचा वेळ आणि समीकरणाचं नाव दाखवा, आणि ‘सर्दी उतरल्यावर पुन्हा करून मग ठरवू का?’ असं विचारा. तोवर चालू पंप एक दिवसही बंद करू नका. धाप वाढली, एक वाक्यही सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसले, कफात रक्त आलं किंवा छातीत दुखलं, तर कुठल्याही तपासणीची वाट न बघता सरळ रुग्णालयात. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळला, सोबत ताप किंवा वजन घटणं असलं, तर आधी क्षयासाठी थुंकीची तपासणी. ती होईपर्यंत फुंकायची टेस्ट नको, बाबांसाठीही आणि त्यांच्यानंतर त्याच खुर्चीत बसणाऱ्यासाठीही. दादरला गेलात की माउथपीसला नवा फिल्टर लावतात का, तेवढं डोळ्यांनी पाहून घ्या.